उजनीच्या पाण्याखालचं जुनं पळसदेव: जुन्या उपग्रहचित्रांत गावठाण कसं शोधायचं?

भीमाकाठची
उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं पळसनाथ मंदिर वर येतं आणि दर दुष्काळात त्याचे फोटो फिरतात. फोटो शिखराचे असतात. मंदिराभोवती नांदतं गाव होतं, त्याच्या वेशी, गल्ल्या, पाणवठ्याच्या वाटा, मळ्यांतल्या विहिरी यांचा आराखडा मात्र कुठेच धड मांडलेला सापडत नाही. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. गूगल अर्थ प्रोमध्ये घड्याळाचं चिन्ह दाबून मागे मागे गेलं तरी १९८४ च्या पलीकडे जाता येत नाही, आणि तोवर सगळं निळं झालेलं आहे.

त्याआधीची चित्रं कुठे मिळतात, आजच्या नकाशावर ती नेमकी कशी बसवायची, आणि एवढं करून जुनं गावठाण मंदिराच्या कुठल्या अंगाला होतं हे खात्रीने सांगता येईल का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

झूमइन
आधी एक सावधगिरी. गूगल अर्थमधली जुनी चित्रं ३० किंवा ३१ डिसेंबर अशा तारखेची दिसतात. ती तारीख खरी नाही. वर्षभरातल्या लँडसॅट चित्रांतून ढग वगळून केलेलं ते मिश्रण आहे. त्यावरून 'डिसेंबरात पाणी इथवर होतं' असं लिहिलं की चुकलंच.

मोजणीदार
ताई, तुम्हाला हवं ते 'कोरोना' नावाच्या अमेरिकी हेरगिरी उपग्रहांच्या फिल्ममध्ये आहे. १९६० ते १९७२ या काळातली ही चित्रं १९९५ साली खुली झाली. त्यातला शेवटचा कॅमेरा केएच-४बी, सप्टेंबर १९६७ ते मे १९७२. जमिनीवरची सुमारे १.८ मीटरची वस्तू त्यात वेगळी ओळखू येते. उजनी भरण्याआधीची भीमा त्यात आहे.

यूएसजीएस या अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अर्थ एक्सप्लोरर संकेतस्थळावर मोफत खातं उघडा. शोधाचा चौकोन गावापुरता काढू नका, चारही बाजूंनी १० किलोमीटर जास्त घ्या. या फ्रेमच्या, म्हणजे फिल्मवरच्या एकेका चित्राच्या, कडा तिथल्या नकाशावर अंदाजाने आखलेल्या आहेत, काही किलोमीटरची चूक सहज असते. छोटा चौकोन काढला तर गाव असलेली फ्रेम यादीतच येत नाही आणि माणूस 'चित्र नाही' म्हणून उठतो. मग डेटा सेट्समध्ये 'डीक्लासिफाइड' हा गट उघडून 'डीक्लास १' निवडा.

प्रत्येक निकालाखाली छोटं पूर्वदर्शन असतं, त्यात ढग बघून घ्या. फ्रेमच्या क्रमांकात ए किंवा एफ अक्षर दिसेल: ए म्हणजे मागे झुकलेला कॅमेरा, एफ म्हणजे पुढे झुकलेला. एकाच फेरीतल्या दोन्ही मिळाल्या तर जोडी हातची सोडू नका. आधी कुणीतरी स्कॅन करून घेतलेली फ्रेम फुकट उतरवता येते. नसेल तर एका फ्रेमचे ३० डॉलर भरून स्कॅनची मागणी नोंदवायची, आणि ती फ्रेम नंतर सगळ्यांनाच फुकट खुली होते.

फ्रेम म्हणजे जमिनीवरची साधारण १४ किलोमीटर रुंद आणि १८८ किलोमीटर लांब पट्टी. ती ए, बी, सी, डी अशा चार तुकड्यांत येते. गाव मधल्या दोन तुकड्यांत पडेल अशी फ्रेम निवडा. कॅमेरा आडवा फिरत चित्र घेतो, त्यामुळे पट्टीच्या टोकांना जमीन ताणली जाते आणि बारकावे विरतात. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, हवा स्वच्छ असते.

गाळपेर
मोजणीदारांच्या एका मुद्द्याला हरकत. स्वच्छ हवेसाठी नोव्हेंबर-फेब्रुवारी बरोबर, पण गावठाण शोधायचं असेल तर मार्च ते मे बघा. डिसेंबरात भीमेच्या काठी रब्बीची ज्वारी उभी असते. रानाचा रंग मधलाच येतो आणि गाव त्यात बुडून जातं. उन्हाळ्यात नांगरून पडलेली काळी उघडी असते.

आपल्याकडे रानाला काळी आणि गावाच्या जागेला पांढरी म्हणतात, ते कृष्णधवल फिल्मवर शब्दशः उमटतं. शेकडो वर्षांची राख, चुना, पडलेल्या भिंतींची माती, धाब्याच्या घरांवरची पांढरी माती यांचा मिळून एक उजळ डाग होतो आणि भोवती गडद काळी. झूम न करताही गावं मोजता येतात.

पण उजळ दिसलं की गाव, असं नाही. चोपण जमीनही पांढरी दिसते. ती सखल जागी, ओढ्याच्या कडेने लांबट पसरलेली असते. मुरमाड माळही उजळ असतो, तो उंचावर आणि वेडावाकडा. पांढरीची खूण म्हणजे वाटा. चाकाच्या आऱ्यांसारख्या सहा-आठ वाटा एका उजळ डागात येऊन मिळत असतील आणि त्यातली एक थेट नदीकडे उतरत असेल, तर ते गावठाण.

विहीर शोधायची तर गडद ठिपका आणि त्याच्या एका बाजूला उपसलेल्या मुरमाचा उजळ ढीग बघा. मोटेची विहीर असेल तर ठिपक्याला चिकटून एक छोटी उजळ पट्टी दिसते. ती बैलांची धाव. दहाएक मीटरची धाव फिल्मवर पाच-सहा पिक्सेलची होते, म्हणजे ओळखण्याच्या अगदी काठावर. एक विहीर नक्की सापडली की डोळा सरावतो आणि पुढच्या भराभर दिसू लागतात.

वाटाड्या
वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). गाळपेर, पांढरीचा मुद्दा फारच सुंदर.

चित्र नकाशावर बसवताना जुळणीचे बिंदू म्हणून टेकड्यांवरची देवळं घ्यावीत. तेव्हाही होती, आजही आहेत, लांबून ओळखू येतात. आणि पाण्याखालच्या जमिनीच्या चढउतारासाठी एसआरटीएम हा उंचीचा नकाशा मोफत मिळतो, तो वापरता येईल.

तिरपा_कॅमेरा
वाटाड्या, दोन्हीही करू नका.

केएच-४बीचे कॅमेरे सरळ खाली बघत नाहीत. एक १५ अंश पुढे, दुसरा १५ अंश मागे. त्यामुळे उंचावरची वस्तू आपल्या जागेवरून सरकलेली दिसते. किती? उंचीला ०.२७ ने गुणा. नदीपात्रापेक्षा १०० मीटर उंच टेकडीवरचं देऊळ २७ मीटर बाजूला दिसेल. असे चार बिंदू धरले की टेकड्या छान जुळतील आणि नदीकाठचं गाव घसरेल, आणि आपल्याला तर नदीकाठच हवा आहे. बिंदू गावाच्याच पातळीचे घ्या: न बुडालेल्या शिवारातले जुने रस्त्यांचे तिठे, रेल्वेची फाटकं, ओढ्यावरच्या मोऱ्या, दगडी बांधीव विहिरी. नदीचा काठ, झाडं, वाळूचे पट्टे अजिबात नकोत. ते दरवर्षी हलतात.

एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये झाली. रडार पाण्यात शिरत नाही. जलाशयाच्या जागी त्यात सपाट पाणीच आहे, तळ नाही. बुडालेल्या जमिनीची उंची दोनच ठिकाणी मिळते: सर्व्हे ऑफ इंडियाच्या धरणापूर्वीच्या नकाशांवरच्या समोच्च रेषांत, किंवा कोरोनाच्या ए आणि एफ जोडीतून स्वतः काढली तर.

वाटाड्या
पटलं. ०.२७ हा आकडा लिहून ठेवला.

भीमाकाठची
मोजणीदार, पूर्वदर्शनात एका फ्रेमवर नदी उलट्या बाजूला वळलेली दिसते आहे. फ्रेम चुकीची म्हणायची का? आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलेला तुकडा जवळजवळ काळाच दिसतो, डोळ्याला काही लागत नाही.

मोजणीदार
फ्रेम चुकीची नाही. काही स्कॅन १८० अंशात फिरलेली असतात, काही आरशातल्यासारखी उलटी. फिरलेली आहे की उलटी आहे हे आधी ठरवा. भीमेची सलग दोन वळणं आजच्या चित्राशेजारी ठेवा. चित्र फिरवून वळणं जुळली तर प्रश्न मिटला. फिरवूनही डावं वळण उजवंच राहिलं तर आरसा फिरवावा लागेल. हे न करता बिंदू द्यायला बसलात तर अर्ध्या तासाने सगळं मुसळ केरात.

काळं दिसण्याचं कारण फिल्मची कडा. पूर्ण तुकड्याची आकडेवारी काढताना काळी-पांढरी किनारही मोजली जाते आणि शिवाराचे करडे रंग मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात दाबले जातात. लेयरच्या गुणधर्मांत किमान-कमाल मूल्यांची सेटिंग उघडा, 'क्युम्युलेटिव्ह काउंट कट' २ ते ९८ टक्के ठेवा आणि आकडेवारी पूर्ण चित्राऐवजी पडद्यावर दिसणाऱ्या भागाची घ्यायला सांगा. पांढरी लगेच उठून येईल.

आता बसवणं. पूर्ण १८८ किलोमीटरच्या पट्टीच्या नादी लागू नका. गावाभोवतीचा १२ ते १५ किलोमीटरचा भाग कापून घ्या. क्यूजीआयएसमधलं चित्र नकाशावर बसवायचं साधन, जिओरेफरन्सर, उघडा, लक्ष्यप्रणाली ईपीएसजी ३२६४३, म्हणजे यूटीएमचा ४३ उत्तर पट्टा. किमान २० बिंदू, चारही बाजूंना पसरलेले. बुडालेल्या मधल्या भागात बिंदू मिळणार नाहीत, म्हणून दोन्ही काठांवर दाट द्या.

पहिल्या प्रतीचं पॉलिनॉमियल या फिल्मला पुरत नाही. दुसऱ्या प्रतीचं घ्या. थिन प्लेट स्प्लाइन वापरलं तर तक्त्यात चूक शून्य दिसते, कारण ती पद्धत प्रत्येक बिंदू ओढून जागेवर बसवतेच. त्या शून्याला भुलू नका. पाच बिंदू मुद्दाम बाजूला ठेवा, जुळणीत घेऊ नका, आणि शेवटी ते किती हुकतात ते मोजा. तीच तुमची खरी चूक. १५ ते २० मीटरच्या आत आली तर गावठाणाच्या कामाला चालेल. ५० च्या वर गेली तर एखादा बिंदू चुकीच्या तिठ्यावर पडला आहे, एकेक काढून बघा.

उणे_पन्नास
दुसरं टोक राहिलं: मंदिर आज नेमकं कुठे आहे. ते सेंटिनेल-२ या आजच्या युरोपीय उपग्रहाच्या चित्रांवरून ठरवता येतं, फक्त तारीख पाण्याच्या पातळीवरून निवडली पाहिजे.

उजनीचा साठा उणे टक्क्यांत का सांगतात, ते इथे कामाला येतं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा, उपयुक्त ५३.५७. टक्का उपयुक्त साठ्याचा काढतात, म्हणून मृतसाठ्याला हात लागला की आकडा शून्याखाली जातो. उणे ५० टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे. ६३.६६ मधून २६.७९ गेले, ३६.८७ टीएमसी पाणी अजून आहेच. मंदिर मोकळं व्हायला आकडा असा खोल उण्यात जावा लागतो. २०१६, २०१९ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांचा शेवट त्यासाठी धुंडाळा. मेचा शेवटचा आठवडा सोडू नका. जूनच्या मध्यापासून ढग येतात आणि पुढे महिनोन्महिने काही दिसत नाही.

ही चित्रं दाखवणाऱ्या कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर तारीख निवडून पाणी-निर्देशांक लावा: हरित पट्टा बी३ वजा निकट-अवरक्त बी८, भागिले दोघांची बेरीज. धन आलं तर पाणी. काठचं पाणी गढूळ असतं, तिथे शून्याच्या आसपासच्या किंमतींवर विसंबू नका.

सेंटिनेलचा पिक्सेल १० मीटरचा. मंदिर दोन-तीन पिक्सेलांत संपतं. त्यावरून जागा कळते, रचना नाही. रचनेसाठी त्याच उन्हाळ्यातलं गूगल अर्थचं बारीक चित्र मिळतं का ते पाहा.

गाळपेर
यात एक भर. पाणी सरकलं की मागोमाग लोक गाळपेर करतात, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरतात. मेमधल्या चित्रात काठाला हिरवे चौकोन दिसले म्हणून ते पूर्वापार शेत किंवा जुनी बांधबंदिस्ती समजू नका. तो त्या वर्षीचा पेरा आहे, खालच्या जुन्या बांधांशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

आणि बुडालेली पांढरी आता शोधू नका. मातीची घरं पाण्यात विरघळतात, लाटा माथा खरवडतात, वर गाळ बसतो. मागे उरतो तो दगड: देऊळ, जोती, विहिरींची कडी, वीरगळ. म्हणून पांढरी कोरोनात शोधायची आणि दगड सेंटिनेलमध्ये.

सांगेकर
गोव्यातलं कुर्डी या पद्धतीने बघायला गेलात तर वेगळी अडचण येते. साळावली धरणाखाली गेलेलं हे गाव मे महिन्यात वर येतं. पण तिथलं महादेवाचं देऊळ उतरवून दुसरीकडे नेऊन बांधलं आहे. म्हणजे जुन्या चित्रात देऊळ दिसलं आणि आजच्या उघड्या जमिनीवर नाही, तर जुळणी चुकली असा निष्कर्ष काढू नका. शिवाय तिथे काळी-पांढरीचा फरक नाही. जांभा दगड, माडांची आणि झाडांची सावली, घरं कौलारू आणि विखुरलेली. तिथे भाताच्या खाचरांची कडा धरून जावं लागतं. खाचर सपाट आणि एकरंगी, घरं त्याच्या काठावरच्या उंचवट्यावर.

शिवसागर
कोयनेसाठी काही उपयोग होईल का?

तिरपा_कॅमेरा
फारसा नाही. कोयना साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच भरलं. त्याआधीच्या कोरोना कॅमेऱ्यांची ताकद ७ ते १२ मीटरची, त्यात जावळीच्या दाट झाडीतली वाडी ओळखता येत नाही. केएच-४बी आला तेव्हा शिवसागर, म्हणजे कोयनेचा जलाशय, भरलेला होता. मुळशीचं तर १९२० च्या दशकातलं, सेनापती बापटांच्या सत्याग्रहाच्या वेळचं, म्हणजे उपग्रहच नाहीत. या दोन्हींसाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे एक इंचाला एक मैल मापाचे जुने नकाशेच आधार. ते एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, काढलेले आहेत. थेट आजच्या अक्षांश-रेखांशांवर टाकले तर सरकलेले बसतात, आधी आधारप्रणाली बदलून घ्यावी लागते.

गिरणगाव_२
थोडं अवांतर, पण याच फिल्ममधलं. मुंबईतल्या पाडलेल्या गिरण्यांच्या चिमण्या केएच-४बीमध्ये सापडतात. चिमणी स्वतः दोन पिक्सेलांची, ती दिसत नाही. दिसते तिची सावली. आणि सावलीवरून उंची निघते, वेळ माहीत नसली तरी. त्याच फ्रेममध्ये उंची ठाऊक असलेली वस्तू घ्या. राजाबाई टॉवर ८५ मीटर. समजा त्याची सावली ५० पिक्सेल भरली, तर एका पिक्सेलला १.७ मीटर उंची. मग चिमणीची सावली ३४ पिक्सेल असेल तर उंची सुमारे ५८ मीटर.

इथे चूक होते ती एकाच जागी. चिमणीची सावली पुष्कळदा जमिनीवर पडत नाही, शेजारच्या खात्याच्या छपरावर पडते. सावली तेवढी आखूड होते. छप्पर ८ मीटर उंच असेल तर उत्तरात ८ मीटर मिळवायचे.

झूमइन
धागा उजनीचा आणि बॅकवॉटर परळपर्यंत आलं! पण सावलीची युक्ती पळसनाथाच्या शिखरालाही लावता येईल.

गिरणगाव_२
लागेल, पण तिथे सावली पाण्यावर पडली तर दिसत नाही. पाणी आधीच काळं असतं. भोवतालची जमीन उघडी असलेलीच तारीख घ्या.

रूळमार्ग
जुळणीच्या बिंदूंसाठी सगळ्यांत भरवशाची खूण अजून कुणी सांगितली नाही: डिकसळचा पूल.

पुण्याहून निघालेली रेल्वे १८५८ मध्ये डिकसळपर्यंत आली आणि पुढे भीमा ओलांडून सोलापूरकडे गेली. उजनी झाल्यावर रेल्वेमार्ग हलवला, जुना पूल रस्त्याच्या वाहतुकीला राहिला. अलीकडे त्याचा काही भाग कोसळला असला तरी पूल आजच्या चित्रांत आहे आणि १९६७-७२ च्या फिल्मवरही आहे. तिरपा_कॅमेरा म्हणतात तसा तो नदीच्याच पातळीचा. त्याची दोन्ही टोकं बिंदू म्हणून घ्या, मधला भाग नको. फिल्मवर पुलाच्या मध्यावर नक्की बोट ठेवता येत नाही, टोकाला भराव संपून पूल सुरू होतो तिथे मात्र रंग पटकन बदलतो.

तिथून जुनी लाइन ओळखणं सोपं आहे. गाडीवाट शेताशेताला वळसे घेते, रूळ घेत नाहीत. रेल्वेचं वळण लांब, एकसारख्या गोलाईचं, आणि भरावाच्या एका अंगाला अखंड सावलीची बारीक रेघ. ही रेघ दोन्ही तीरांवर न बुडालेल्या भागात आजच्या चित्राशी ताडून बघता येते. बुडालेल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी जुळणी तपासायला याहून चांगली खूण नाही.

मोजणीदार
रूळमार्ग, मनापासून आभार. हा प्रतिसाद धाग्यात वर चिकटवायला हवा.

अजून एक राहिलं होतं. कोरोना १९७२ ला थांबतं आणि धरण १९८० चं. मधल्या वर्षांसाठी केएच-९ हेक्सागॉन आहे. त्याचा नकाशांसाठीचा कॅमेरा १९७३ ते १९८० चालला, ताकद ६ ते ९ मीटर. हा 'डीक्लास २' मध्ये. त्यात विहिरी दिसणार नाहीत, पण गाव अजून जागेवर आहे की पाणी चढलं, हे कळतं. १९७२ पासूनची लँडसॅट-१ ची चित्रं ८० मीटरची, त्यांच्यावर फक्त पाण्याचा पसारा बघायचा. तिथे पाथ-रो क्रमांकाने शोधू नका. पहिल्या तीन लँडसॅटची क्रमांकपद्धत नंतरच्यांपेक्षा वेगळी आहे. नकाशावर चौकोन काढूनच शोधा.

भीमाकाठची
सगळ्यांचे खूप आभार, एवढं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नाकडे येते. मंदिर सेंटिनेलवरून, पांढरी कोरोनावरून, पूल दोन्हींत. मग गावठाण मंदिराच्या अमुक दिशेला, इतक्या मीटरवर, असं ठामपणे लिहावं का?

तिरपा_कॅमेरा
त्यासाठी सेंटिनेल मधे आणूच नका. मंदिर कोरोनाच्याही फ्रेममध्ये आहेच. दिशा आणि अंतर एकाच फ्रेममध्ये मोजा. दोन चित्रं जुळवताना येणारी १५-२० मीटरची चूक त्यात शिरत नाही, कारण मंदिर आणि पांढरी दोन्ही सोबतच सरकलेली असतात. २० मीटरची वास्तू फिल्मवर अकरा-बारा पिक्सेलची, ती नक्की सापडते. सेंटिनेलचा उपयोग हे सगळं आजच्या अक्षांश-रेखांशांवर नेण्यापुरता.

मंदिर ओळखताना शिखराच्या टोकावर नव्हे, पायाशी बिंदू ठेवा. टोक झुकलेलं दिसतं. सावली जिथे वास्तूला चिकटते तो पाया.

गाळपेर
पांढरीची कड रेघेने काढू नका, पट्ट्याने काढा. बाहेरच्या घरांपाशी खळी, उकिरडे, परसं असतात, तिथे उजळपणा हळूहळू विरतो. आतली कड म्हणजे दाट घरं आणि बाहेरची कड म्हणजे खळ्यांसकट, अशा दोन आकृत्या काढा. दोन्ही वेगळ्या रंगात केएमएल (गूगल अर्थमध्ये उघडणारी नकाशाची फाइल) करून इथे टाका, शेजारी फ्रेमचा क्रमांक, तारीख आणि बाजूला ठेवलेल्या पाच बिंदूंची चूक लिहा. मग जुनं गाव बघितलेली पळसदेवची वडीलधारी माणसं त्यावर वेस कुठे, पार कुठे हे बोट ठेवून सांगू शकतील.

उणे_पन्नास
आणि पाणी उतरल्यावर कुणी ती केएमएल फोनवर घेऊन प्रत्यक्ष गेलंच, तर वीरगळ आहेत तिथेच राहू द्या. एक दगड हलला तरी आराखड्यातला एक बिंदू कायमचा जातो. गाळावर मधोमध चालू नका, वरची पापडी वाळलेली असते आणि खाली मांडीभर चिखल. जुन्या जोत्यांच्या दगडांवरून जा.

भीमाकाठची
एप्रिलमधली एक ए आणि एफ जोडी यादीत दिसते आहे, ढग नाहीत, गाव सी तुकड्यात. दोन्ही फ्रेमच्या स्कॅनची मागणी नोंदवते. आल्या की क्रमांक इथेच देते, म्हणजे इंदापूर-करमाळ्याच्या बाकी गावांसाठी सगळ्यांनाच उतरवता येतील.